चार माणसं, पाच सावल्या

मागच्या वेळी आपण घरातल्या जुन्या पत्रांविषयी बोललो होतो. आज फोटोंविषयी बोलू या, म्हणजे खरं तर एकाच फोटोविषयी.

थोरल्या काकांच्या ट्रंकेत हा फोटो मिळाला. काशीतल्या एका घराची गच्ची. पणजोबा, पणजी, आजोबा आणि आजी असे चौघं उभे आहेत, मागे दोन उंच मिनार. पाठीवर निळ्या शाईचा शिक्का आहे, त्यातलं ‘बनारस’ तेवढं वाचता येतं. घरात सगळे म्हणायचे, हा 1900 च्या आसपासचा फोटो. त्या काळी आजोबांचा जन्म तरी झाला होता का, हे कुणी विचारलं नव्हतं. घरोघरी हेच होतं. फोटो जितका जुना तितका मान मोठा, म्हणून प्रत्येक पिढी त्यात दहा-वीस वर्षं घालते.

मोठ्या माणसांच्या फोटोंचंही असंच. राणी लक्ष्मीबाईंचा ‘खरा फोटो’ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने तो 1850 साली काढला, असं खाली लिहिलेलं असतं. पण कलकत्त्याचा जॉन्स्टन अँड हॉफमन हा स्टुडिओ निघाला 1880 च्या दशकात, आणि राणी तर 1858 साली धारातीर्थी पडल्या. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या मराठी माणसाचं वर्णन हवं असेल तर वरसईच्या गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ वाचा. राणींचा जन्म काशीतलाच, भदैनीत स्मारक आहे. तिथे गेलात तर फोटो मात्र शोधू नका.

आता आमच्या फोटोकडे. सैन्यात हवाई छायाचित्रं वाचायला शिकवायचे तेव्हा आमच्या उस्तादांचा एकच धोशा असे, आधी सावली बघा. तोफेवर जाळी टाकता येते, रंग फासता येतो, पण तिची सावली लपवणं कठीण. निवृत्तीनंतर एका दुपारी भिंग घेऊन मी हा फोटो बघत बसलो. ऊन डावीकडून येत होतं, सावल्या उजवीकडे कठड्यावर पडल्या होत्या. मोजल्या. माणसं चार आणि सावल्या पाच.

पुन्हा मोजल्या. पाचवी सावली फोटोच्या डाव्या कडेपासून आत आली होती, डोक्यावर पदर असल्यासारखी. मग ती कड नीट पाहिली. बाकीच्या तीन कडा कागदाच्या मूळ कापाच्या, सरळ. ही मात्र हाताने, कात्रीने कापलेली, मध्ये जरा वाकडी झालेली.

पाठीवर मोडीत एक ओळ आहे. मला मोडी येत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत ती शाळेत शिकवत, पुढे सुटली. एका जाणकाराकडून वाचून घेतली. आजोबांचं अक्षर. मानाच्या क्रमाने लिहिलं आहे: ती. आबा, ती. सौ. आई, मी, सौ., गं. भा. आणि तिथे कागद संपतो. गंगा भागीरथी. विधवा बाईच्या नावामागचं हे बिरुद जुन्या लग्नपत्रिकांत तुम्ही पाहिलं असेल. नाव कात्रीबरोबर गेलं.

आजोबांना एक बहीण होती, ती लहानपणीच देवीच्या साथीत गेली, असं आम्हाला सांगितलेलं.

मी वाराणसीला गेलो. मराठी माणसाला तिथे फार परकं वाटत नाही. विश्वनाथाचं आजचं मंदिर 1780 साली अहिल्याबाईंनी बांधलं, गागाभट्ट इथूनच रायगडावर आले, भोसले घाट आहे, सिंधिया घाट आहे. दुर्गाघाट आणि ब्रह्मघाट हा तर मराठी घरांचा जुना भाग. शेजारी पंचगंगा घाटावर औरंगजेबाच्या काळातली मशीद आहे. तिच्या मिनारांना बनारसी माणूस ‘माधवराव का धरहरा’ म्हणतो. आमच्या फोटोत मागे आहेत ते हेच. त्यातला एक 1948 साली कोसळला, दुसरा पुढे धोका म्हणून उतरवला. म्हणजे फोटो त्याआधीचा. ब्रह्मघाटाच्या बाजूने मिनारांकडे तोंड केलं की पूर्व डाव्या हाताला येते. म्हणजे वेळ सकाळची.

आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशजांचं घर सापडायला दोन दिवस लागले. त्यांच्याकडे वह्या गाववार लावलेल्या. यात्रेकरूने यायचं, नावं सांगायची, सही करायची, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. शके 1854, माघ, म्हणजे 1933 साल. आजोबांची सही. खाली पाच नावं. पाचवं ‘गं. भा. आक्का’, पुढे सासरचं आडनाव, आणि ‘काशीवासास ठेविले’.

1933 हो! विधवांसाठी अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात आश्रम काढला 1896 साली. आमच्या गावापासून पुणं काशीपेक्षा कितीतरी जवळ. तरी तिला काशीला सोडलं. आजोबा दुष्ट नव्हते, मला त्यांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आहे. पण हे त्यांनी केलं, आणि ते बरं नव्हतं. कात्री कुणी चालवली ते मी ठरवणार नाही. आजीच्या शिवणाच्या डब्यात कात्री असे, एवढ्यावरून आजीला धरणं अन्यायाचं होईल.

पानं उलटताना 1941 ची एक नोंद निघाली. आमच्याच गावचं दुसरं कुटुंब यात्रेला आलेलं. उतरले कुठे, तर ‘आक्कांचे बिऱ्हाडी, ब्रह्मघाट’. अशा आणखी तीन नोंदी मिळाल्या, शेवटची 1952 ची. म्हणजे बाई बिऱ्हाड करून होती, गावच्या माणसांना उतरवून घेत होती, रांधून वाढत असणार. गावाला ती जिवंत असल्याचं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आमच्या घरातल्या मुलांना.

मंडळी, जुने फोटो चौकटीत बसवायला देता तेव्हा दुकानदाराला कडा छाटू देऊ नका. पाठीमागे काही लिहिलं असेल तर आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

निघताना उपाध्ये म्हणाले, “साहेब, आता तुमची नोंद करू. पूर्वजांची नावं सांगा.” मी वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं सांगितलं. मग आक्कांचं. ते म्हणाले, “लेकींची नोंद सासरच्या पानावर जाते.”

मी म्हटलं, “इथेच लिहा.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बॉलपेनचं टोपण काढलं.