रात्री साडेनऊचा राजीनामा

२० जून २०२२, दुपारी ४. विधान परिषदेच्या दहा जागांचे मतदान संपले. मोजणी रात्रीपर्यंत रेंगाळली. भाजपचा पाचवा उमेदवार निवडून आला, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. मते कुणाची फुटली यावर खल चालू असतानाच शिवसेनेचे नगरविकासमंत्री एकनाथ शिंदे ‘नॉट रिचेबल’ झाले.

त्याच रात्री. शिंदे आणि त्यांच्या आमदारांच्या गाड्या गुजरातच्या दिशेने सुटल्या. आमदार कैलास पाटील लघुशंकेचे निमित्त करून वाटेत उतरले आणि पावसात, अंधारात चालत सुटले. पुढे दुचाकी, मग ट्रक, असे करत मुंबईला परतले. आमच्या मोरिवलीचे, म्हणजे अंबरनाथचे आमदार डॉ. बालाजी किणीकर मात्र शिंद्यांबरोबरच राहिले. इकडे कुणाला फारसे नवल वाटले नाही. शिंदे म्हणजे शिवसेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांचा रिक्षा चालवणारा चेला. १९९७ला ठाण्यात नगरसेवक झाला, २००४ला आमदार. मुलगा श्रीकांत २०१४पासून कल्याणचा खासदार. तिकीट असो की निधी, या पट्ट्यात काम ठाण्याहून होते. मातोश्री, म्हणजे पक्षप्रमुख उद्धव ठाकऱ्यांचे घर, फलकावरच्या फोटोत.

२१ जून. शिवसेनेने शिंद्यांचे विधिमंडळ गटनेतेपद काढून अजय चौधरींना दिले. ठाकऱ्यांचे दूत मिलिंद नार्वेकर आणि रवींद्र फाटक शिंद्यांना भेटायला सुरतेच्या हॉटेलात जाऊन हात हलवत परतले.

२२ जून, पहाटे. सुरतेहून शिंदे गटाचे विमान गुवाहाटीकडे. संध्याकाळी ५च्या आमदारांच्या बैठकीसाठी शिवसेनेचे प्रतोद सुनील प्रभूंनी व्हीप काढला. शिंद्यांनी तो बेकायदा ठरवून भरत गोगावले यांना प्रतोद नेमले. रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ‘वर्षा’ हे सरकारी निवासस्थान सोडून मातोश्रीवर गेले.

२५ जून. उल्हासनगरात खासदार श्रीकांत शिंदे यांच्या कार्यालयावर दगडफेक.

२९ जून. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांचे पत्र आले: उद्या सकाळी ११ वाजता बहुमत सिद्ध करा. संध्याकाळी ५ला त्यावर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली. नऊच्या सुमारास निकाल: बहुमत चाचणीला स्थगिती नाही. साडेनऊच्या आसपास ठाकरे फेसबुक लाइव्हवर आले आणि मुख्यमंत्रिपदाबरोबर विधान परिषदेची आमदारकीही सोडली. मग स्वतः गाडी चालवत राजभवनावर गेले.

माझ्या मते घात सुरतेत झाला नाही, इथे, या राजीनाम्यात झाला. सभागृहात हरणार हे दिसतच होते. पण हरायला तरी जायला हवे होते. ११ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यपालांचे ते पत्र चुकीचे ठरवले, गोगावलेंची नेमणूक मान्य करणेही बेकायदा ठरवले. तरी ठाकरे सरकार परत आणता येईना, कारण चाचणीला सामोरे न जाता त्यांनी राजीनामा दिला होता.

३० जून. सकाळचे ११ मतदानाविना गेले. दुपारी भाजपच्या देवेंद्र फडणवीसांनी शिंदे मुख्यमंत्री होतील, आपण सरकारबाहेर राहू, असे जाहीर केले. संध्याकाळी साडेसातला शिंद्यांपाठोपाठ त्यांनाही उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घ्यावी लागली.