शिळावर्तुळे, विदर्भातील

मृतांच्या स्मरणार्थ काळ्या दगडाचे मोठे धोंडे गोलाकार मांडून, आतला भाग काळी माती, मुरूम व दगडगोट्यांनी भरून केलेली स्मारके. काळ इ.स.पू. पहिले सहस्रक. वर्तुळाचा व्यास साधारणपणे १० ते २० मीटर. नागपूर जिल्ह्यात ती विपुल आहेत (जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा). वर्धा जिल्ह्यातले मोठे क्षेत्र म्हणजे खैरवाडा. तिथल्या वर्तुळांची संख्या हजाराच्या वर जाते.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी मृतांसाठी गावाबाहेर जागा राखण्याआधी मृत घरातच असत. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावी (इ.स.पू. सुमारे १६०० ते ७००) दगावलेले मूल दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरले जाई. प्रौढांना खड्ड्यात उताणे ठेवत, पण बहुतेकांची पावले घोट्याखाली तोडलेली. मेलेल्याने उठून चालू लागू नये, हा हेतू असावा असे उत्खनकांनी मानले. भुताचे पाय उलटे असतात म्हणणाऱ्या समाजाला ही भीती अगदीच परकी वाटू नये. घराखाली दफनाची चाल दूर तुर्कस्तानात चाताल्होयुक येथेही होती, आणि ती इनामगावाहून काही हजार वर्षे जुनी.

विदर्भात चित्र निराळे. इथे घरे कुडामातीची आणि मृतांचे ठिकाण दगडाचे. त्यामुळे वस्ती नांगराखाली गेली, वर्तुळे उरली. मग जुन्या अभ्यासकांनी हे लोक भटके पशुपालक ठरवले. जुन्या इंग्रजी नोंदींत तर ही वर्तुळे गवळ्यांची म्हणून सांगितली आहेत. हे मत आता टिकत नाही. टाकळघाट येथे वस्ती आणि जवळच खापा येथे वर्तुळे, अशी जोडी १९६८-६९ च्या उत्खननात मिळाली. पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तिथल्या आणि भागीमोहरीच्या वस्तीत जळालेला तांदूळ व कडधान्ये निघाली. गुरे होतीच, पण पेरणी करणारी, लोखंड गाळणारी माणसे भटकी कशी?

वर्तुळांत काय ठेवले, यावरून समाज कळतो. काळी-तांबडी मातीची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या व खंजीर, तांब्याच्या वस्तू, अकीकाचे मणी. माहुरझरीला घोड्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साज आणि घोड्याची हाडेही मिळाली. मालकासोबत घोडाही पुरला जात असावा. माणसाची हाडे मात्र बऱ्याचदा तुटक, काही वर्तुळांत तर जवळजवळ नाहीतच. म्हणून प्रत्येक वर्तुळाला 'थडगे' म्हणणे घाईचे ठरते. काही निव्वळ स्मारके असावीत. एवढाले धोंडे ओढून आणायला अनेक हात लागत, तेव्हा हा मान गावातल्या सगळ्यांच्या वाट्याला येत नसणार.

जुनापाणीच्या शोधाची सुरुवात कापसाने व्हावी हे वऱ्हाड-नागपूरला शोभण्यासारखेच. हिंगणघाटी कापसाला विलायतेत मागणी असताना मध्य प्रांताचे कापूस आयुक्त राहिलेले रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीच्या वर्तुळांचे वर्णन १८७९ मध्ये प्रसिद्ध केले. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे त्यांच्याच नजरेत प्रथम भरले. हे खळगे दिशा वा आकाश पाहण्यासाठी होते का, यावर आजही तर्क चालतात. स्वातंत्र्योत्तर काळात शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठ आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमार्फत या संस्कृतीची बांधेसूद उत्खनने केली. १९६७ मध्ये धाम नदीकाठचे पवनार खणले गेले, तेही त्यांच्या व म. के. ढवळीकर यांच्या हातून. १९८० च्या दशकाच्या आरंभी खैरवाड्याची पाळी आली.

खैरवाड्याच्या हजारावर वर्तुळांपैकी अगदी मोजकीच उघडली गेली आहेत. बाकीची न उघडताच राहिली.