खांद्याचं ऑपरेशन : ब्लॉक उतरण्याआधी गोळी घ्या
खांद्याच्या ऑपरेशनआधी मानेच्या बाजूला, सोनोग्राफीत बघून, हाताकडे जाणाऱ्या नसांभोवती बधिर करणारं इंजेक्शन देतात. याला इंटरस्केलीन ब्लॉक म्हणतात. एका इंजेक्शनचा असर साधारण 12 ते 24 तास राहतो. तोवर हात जड आणि बधिर असतो. तो झोळीत ठेवावा, गरम भांड्यापासून जपावा. आवाज बसला किंवा पापणी लोंबली तर ते बहुधा तात्पुरतं असतं. मात्र त्या बाजूचा श्वासाचा पडदाही काही तास ढिला पडू शकतो. म्हणून दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगावं. पुष्कळदा आपण दुखत नाही म्हणून गोळी टाळतो आणि रात्री ब्लॉक उतरला की कळ सोसवत नाही. त्यामुळे आमचं सांगणं एवढंच : डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी दुखणं सुरू होण्याआधीच, सांगितलेल्या वेळेला घ्यावी. दम लागला तर लगेच दवाखाना गाठावा.