सिबिल थॉर्नडाइक : एका नटीचें व्रत

१९५७ सालीं प्रदर्शित झालेल्या ‘द प्रिन्स अँड द शोगर्ल’ या चित्रपटांत मेरिलिन मन्रो आणि लॉरेन्स ऑलिव्हिए या दोन विख्यात कलावंतांच्या शेजारीं एक वृद्ध राजमाता वावरतांना दिसते. ती मानी आहे, थोडी विक्षिप्त आहे, आणि दोन शब्द बोलून प्रेक्षकांस हंसवून जाते. चित्रपट पाहून बाहेर पडणारांपैकीं पुष्कळांस ही बाई कोण, याची चौकशी करावीशीही वाटत नाहीं. ती चौकशी आज आम्ही करणार आहों. कारण ही म्हातारी म्हणजे डेम सिबिल थॉर्नडाइक. तो चित्रपट निघाला तेव्हां त्यांचें वय चौऱ्याहत्तर वर्षांचें होतें आणि रंगभूमीची सेवा सुरू करून त्यांना अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. शॉचें ‘सेंट जोन’ लंडनमध्यें प्रथम उभें केलेली नटी, एवढीच त्यांची ओळख नाट्येतिहासांत बहुधा देण्यांत येते. ती ओळख खोटी नाहीं. पण ती फार अपुरी आहे. जोनची भूमिका हें या आयुष्याचें शिखर खरें. परंतु शिखराकडे पाहतांना खालचा डोंगर विसरूं नये, इतकेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

सिबिलबाईंचा जन्म २४ ऑक्टोबर १८८२ रोजीं लिंकनशायरमधील गेन्सबरो या गांवीं झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. पुढें त्यांची नेमणूक रॉचेस्टरच्या कॅथीड्रलमध्यें झाली आणि मुलांचें बालपण त्या प्राचीन देवालयाच्या छायेंत गेलें. घरांत प्रार्थना आणि नाटक हीं दोन्हीं सुखानें एकत्र नांदत. सिबिल आणि तिचा धाकटा भाऊ रसेल हीं दोघें घरच्या घरीं नाटकें रचीत आणि करून दाखवीत. तथापि, मुलीनें नटी व्हावें असें कोणाच्या मनांत नव्हतें. ती पियानोवादक व्हावयाची होती. लंडनच्या गिल्डहॉल संगीतविद्यालयांत तिचें शिक्षण चाललें होतें आणि वयाच्या सतराव्या वर्षापूर्वींच तिनें जाहीर वादनही केलें होतें. इतक्यांत मनगटानें दगा दिला. हात आखडूं लागला, वेदना होऊं लागल्या, आणि ज्या कलेसाठीं सारें बालपण वेंचलें तिचें द्वार एकाएकीं बंद झालें.

ही पहिली हानि. अशा प्रसंगीं मनुष्य एक तर खचतो किंवा दुसरी वाट धरतो. भावाच्या आग्रहानें तिनें दुसरी वाट धरली. बेन ग्रीट या नटव्यवस्थापकाच्या शिक्षणालयांत प्रवेश घेऊन १९०४ सालीं ती रंगभूमीवर आली आणि त्याच्याच मंडळीबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. ही मंडळी शेक्सपियरचीं नाटकें घेऊन गांवोगांव हिंडे. पुष्कळदां उघड्या मैदानांत, झाडांच्या सावलींत प्रयोग होत. कोणाचें दुखलें-खुपलें तर त्याची भूमिका दुसऱ्यानें आयत्या वेळीं उचलावयाची, हा नेहमींचा परिपाठ. तीनचार वर्षांत तिनें लहानमोठ्या शंभराहून अधिक भूमिका केल्या. याहून उत्तम शाळा कोणती असूं शकेल? पण या श्रमांनीं आवाज फाटला. डॉक्टरांनीं कांहीं आठवडे संपूर्ण मौन पाळण्यास सांगितलें. एक शब्दही उच्चारावयाचा नाहीं, नाहींतर आवाज कायमचा जाईल, असा धाक घातला. हात गेलाच होता, आतां कंठही जाण्याची वेळ आली. तिनें तें मौन निष्ठेनें पाळलें आणि कंठ परत मिळाला. पुढें ज्या आवाजानें मोठमोठीं नाट्यगृहें भरून जात, तो आवाज असा एकदां हरवून सांपडलेला होता.

१९०८ सालीं तिचा विवाह लुइस कॅसन या नट-दिग्दर्शकाशीं झाला. दोघांचीं मतें समाजवादाकडे झुकणारीं, दोघांचीही निष्ठा रंगभूमीवर. हा संसार साठ वर्षांहून अधिक काळ चालला. याच सुमाराची एक आख्यायिका सांगतात. बर्नार्ड शॉनें या तरुण नटीला आपल्या ‘कँडिडा’ नाटकांतील उतारा वाचतांना ऐकलें आणि सुचविलें कीं, आधीं घरीं जाऊन संसार करावा, चार मुलें वाढवावीं, मग ही भूमिका उत्तम वठेल. ही थट्टा असो वा उपदेश असो, बाईंना दोन मुलगे आणि दोन मुली अशीं चारच मुलें झालीं, आणि कँडिडाही त्यांनीं पुढें केली.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. लंडनच्या वॉटर्लू रोडवर ओल्ड व्हिक नांवाचें एक जुनें नाट्यगृह आहे. त्या काळीं ती वस्ती गरिबांची, कष्टकऱ्यांची होती. गरिबांनीं दारूच्या गुत्त्यांत जाण्याऐवजीं येथें यावें, या हेतूनें एमा कॉन्स नामक समाजसेविकेनें तें गृह १८८० सालीं चालविण्यास घेतलें होतें. तिची भाची लिलिअन बेलिस हिनें तेथें स्वस्त दरांत शेक्सपियर दाखविण्याचा उद्योग आरंभिला. पैसा नव्हता, नेपथ्य नव्हतें, आणि युद्धामुळें पुरुष नटही मिळेनासे झाले. सिबिलबाई तेथें १९१४ पासून १९१८ पर्यंत राहिल्या. लेडी मॅक्बेथ, रोझालिंड या भूमिका तर त्यांनीं केल्याच. पण पुरुषांची उणीव पडल्यामुळें राजपुत्र हॅल, लियर राजाचा विदूषक आणि ‘टेंपेस्ट’मधील फर्डिनंड याही भूमिका त्यांना कराव्या लागल्या. आमच्याकडे त्याच वर्षांत बालगंधर्वांच्या रूपानें पुरुष सुभद्रा आणि भामिनी साकार करीत होता. तिकडे एक स्त्री राजपुत्राची तरवार पेलीत होती! कारणें निराळीं, पण दोन्हींकडे प्रेक्षकांनीं वेष विसरून पात्र पाहिलें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

युद्धानें या घरासही सोडलें नाहीं. पति सैन्यांत गेले होते. १९१७ या एका वर्षांत भाऊ फ्रँक युद्धांत पडला आणि वडीलही वारले. युद्ध संपल्यावर, १९१९ सालीं, बाईंनीं युरिपिडीझच्या ‘ट्रोजन विमेन’ या ग्रीक शोकनाट्यांतील हेक्युबाची भूमिका केली. भाषांतर गिल्बर्ट मरे यांचें होतें. नगर जळून गेलें आहे, पति आणि पुत्र मारले गेले आहेत, आणि विजेत्यांच्या दासी होण्यासाठीं स्त्रिया जहाजांची वाट पाहत बसल्या आहेत, एवढेंच त्या नाटकाचें कथानक. समोर बसलेल्या श्रोत्यांत अशी किती घरें होतीं कीं, जेथें पुत्र किंवा पति परत आला नव्हता! अडीच हजार वर्षांपूर्वींचें काव्य त्या दिवसांत वर्तमानपत्राहून ताजें वाटलें असेल यांत नवल नाहीं. वैयक्तिक दुःख आणि सार्वजनिक दुःख यांचा असा मिलाफ नटाच्या वाट्याला क्वचित् येतो. आणि आला तरी तो पेलण्याचें बळ सर्वांस असतेंच असें नाहीं.

१९२० ते १९२२ या काळांत बाईंनीं लंडनच्या लिटल थिएटरमध्यें भयनाट्यांचे प्रयोग केले. खून, वेड, किंकाळ्या यांनीं भरलेलीं तीं नाटुकलीं पाहून अनेक सभ्य गृहस्थांनीं नाकें मुरडलीं. परंतु भीति शरीरांतून कशी उमटते, याचा तो एक अभ्यासच होता. त्याचें फळ लवकरच दिसलें. शेलीचें ‘द चेंची’ हें काव्यनाटक १८१९ सालीं छापून निघालें, तरी त्यांतील घोर विषयामुळें सेन्सॉर त्यास जाहीर प्रयोगाची परवानगी देत नसे. कवीच्या मृत्यूस शंभर वर्षें झाल्यावर, १९२२ सालीं, ती मिळाली आणि कॅसन दांपत्यानें तें रंगभूमीवर आणलें. प्रेक्षकांत शॉ होता. त्यांतील न्यायासनासमोरचा प्रवेश पाहून त्यानें घरीं पत्नीस सांगितलें कीं, आपल्याला जोन सांपडली. १९२० सालींच चर्चनें जोनला संतपद दिलें होतें आणि तिच्यावर नाटक लिहिण्याचा विचार शॉच्या मनांत घोळत होता. आतां लेखणीला मूर्ति मिळाली.

‘सेंट जोन’चा पहिला प्रयोग न्यूयॉर्कमध्यें झाला; पण लंडनमध्यें २६ मार्च १९२४ रोजीं न्यू थिएटरमध्यें जेव्हां पडदा उघडला, तेव्हां जिला डोळ्यांपुढें ठेवून तें लिहिलें होतें ती जोन प्रथमच उभी राहिली. त्या वेळीं बाईंचें वय एक्केचाळीस वर्षांचें होतें आणि जोन तर एकोणीस वर्षांची शेतकऱ्याची पोर! तरीही २४४ प्रयोग झाले. या यशाचें मर्म कशांत होतें? आमच्या मतें तें असें : शॉची जोन ही स्वप्नाळू, नाजूक कुमारी नव्हे. ती धट्टीकट्टी, व्यवहारी, हट्टी आणि निर्भय मुलगी आहे. देवाचा शब्द ती शेजाऱ्याचा निरोप सांगावा तितक्या सहजपणें सांगते. धर्मोपदेशकाच्या घरांत वाढलेल्या आणि वॉटर्लू रोडवरील श्रोत्यांपुढें तावून निघालेल्या नटीला हा सहजपणा निराळा शिकावा लागला नाहीं. बाईंच्या अभिनयांत आवेश प्रमाणाबाहेर जातो, असा आक्षेप कांहीं टीकाकार घेत, आणि तो सर्वस्वी निराधारही नसावा. परंतु जोनच्या बाबतींत तो आवेश हेंच त्या पात्राचें रक्त होतें.

यानंतर बाईंनीं स्वस्थ बसून कीर्ति भोगली असती तर कोणी दोष दिला नसता. १९३१ सालीं त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. पण त्यांची प्रवृत्ति निराळी. १९२८ सालीं हर्बर्ट विल्कॉक्स यांच्या ‘डॉन’ या मूकपटांत त्यांनीं एडिथ कॅव्हेलची भूमिका केली. शत्रुमुलखांत अडकलेल्या सैनिकांना पळून जाण्यास साह्य केल्याबद्दल या इंग्रज परिचारिकेस जर्मनांनीं १९१५ सालीं ब्रुसेल्स येथें गोळ्या घातल्या होत्या. जुन्या जखमा उकरल्या जातील म्हणून जर्मनीनें हरकत घेतली, ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनीं नापसंती दर्शविली आणि सेन्सॉरनें प्रमाणपत्र नाकारलें. अखेर स्थानिक संस्थांनीं आपल्या अधिकारांत परवानगी दिल्यामुळें तो चित्रपट लोकांपुढें आला.

दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडूं लागले, तेव्हां कॅसन दांपत्य ओल्ड व्हिकची मंडळी घेऊन वेल्समधील कोळशाच्या खाणींच्या गांवीं गेलें. ‘मॅक्बेथ’, ‘मीडिया’ आणि ‘कँडिडा’ हीं त्यांचीं नाटकें. दिवसभर खाणींत राबून आलेले कामकरी आणि त्यांच्या बायका हे त्यांचे प्रेक्षक. ग्रीक शोकनाट्य या लोकांस काय कळणार, असें शहाण्यांस वाटत होतें. पण पुत्रशोक कळण्यास विद्यापीठाची पदवी लागत नाहीं. साठीला आलेली, सरकारनें गौरविलेली नटी गांवोगांवच्या सभागृहांत उभी राहून मीडियाचा आक्रोश करीत आहे, हें दृश्य आम्हांस जोनच्या पहिल्या रात्रीइतकेंच महत्त्वाचें वाटतें.

याहून कठीण प्रसंग पुढें होता. १९४४ सालीं ऑलिव्हिए आणि राल्फ रिचर्डसन यांच्या नेतृत्वाखालीं ओल्ड व्हिकची मंडळी नव्यानें उभी राहिली, आणि १९४५ च्या उन्हाळ्यांत ती जर्मनींत गेली. नुकत्याच मुक्त झालेल्या बेल्सेनच्या छळछावणीत रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या सैनिकांसाठीं आणि सेवकांसाठीं एक प्रयोग झाला. नाटक होतें शॉचें ‘आर्म्स अँड द मॅन’. युद्धांतील पराक्रमाच्या भ्रामक कल्पनांची थट्टा करणारें. बाई त्यांत नायिकेच्या हास्यास्पद आईची भूमिका करीत. सव्वीस वर्षांपूर्वीं ज्या बाईनें जळत्या ट्रॉयपुढें बसून हेक्युबाचा शोक केला होता, ती आतां प्रत्यक्ष ट्रॉयमध्येंच येऊन उभी होती. आणि तेथें तिला हंसवावयाचें होतें! छावणींतील मुलें त्यांनीं पाहिलीं होतीं, तें दृश्य पुढें त्यांना विसरतां आलें नाहीं. अशा ठिकाणीं नाटकाला जागा आहे काय? कोणी म्हणेल, तेथें प्रहसन करणें ही विटंबनाच. आम्हांस तसें वाटत नाहीं. दिवसरात्र मृत्यूशीं झगडणाऱ्या शुश्रूषकांना दोन घटका माणसांत आणून सोडणें, हीही एक शुश्रूषाच होय. नटीच्या मनांत शोक दाटलेला असतां ती प्रेक्षकांस हंसविते, तेव्हां तिच्या कलेची खरी कसोटी लागते.

आतां पुन्हां चित्रपटाकडे वळूं. बाईंनीं १९२१ पासून चित्रपटांत कामें केलीं. ‘मेजर बार्बरा’, ‘निकोलस निकल्बी’, हिचकॉकचा ‘स्टेज फ्राइट’ हे त्यांपैकीं कांहीं. कॅमेऱ्यापुढील कला निराळी, हें त्या जाणून होत्या. मन्रो चित्रीकरणास उशिरां येते म्हणून ऑलिव्हिए त्रासले असतां, कॅमेऱ्यापुढें अभिनय कसा करावा हें आपणां सर्वांत या मुलीलाच ठाऊक आहे, अशा अर्थाचे उद्गार बाईंनीं काढल्याचें सांगतात. पाऊण आयुष्य रंगभूमीवर काढलेल्या स्त्रीनें नवख्या तरुणीची अशी बाजू घ्यावी, यांत मनाचें मोठेपण तर आहेच. पण आपल्या कलेची सीमा ओळखणारी विनम्रताही आहे. दुर्दैव इतकेंच कीं, काळानें या दुय्यम भूमिका जपल्या आणि हेक्युबा, मीडिया, जोन यांचें तेज पाहणारांच्या स्मृतींबरोबर मावळलें.

१९६२ सालीं चिचेस्टर येथें ‘अंकल वान्या’ नाटकांत पतिपत्नी दोघेंही होतीं. बाई म्हाताऱ्या दाईच्या छोट्या भूमिकेंत. मे १९६९ मध्यें लुइस कॅसन वारले. त्याच वर्षीं सरे परगण्यांतील लेदरहेड येथें बाईंच्या नांवाचें नाट्यगृह उघडलें आणि तेथेंच, शहाऐंशीव्या वर्षीं, त्या शेवटच्या रंगभूमीवर उभ्या राहिल्या. ९ जून १९७६ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें ठेवण्यांत आली आहे.

शिल्पकाराचा पुतळा राहतो, कवीचें काव्य राहतें. नटाचें काय राहतें, हा प्रश्न जुना आहे. बाईंच्या बाबतींत एक उत्तर शॉच्या नाटकांत आहे : ‘सेंट जोन’ पुस्तकांतून वाचणाराच्याही कानीं नकळत त्यांचाच आवाज पडत असतो, कारण शब्द लिहिले गेले ते त्या आवाजासाठीं. दुसरें उत्तर कोणत्याही पुस्तकांत नाहीं. वेल्सच्या एखाद्या खाणकामगारानें त्या रात्रीं घरीं जातांना जें बरोबर नेलें, तें तें आहे. मनगट गेलें तेव्हां एका मुलीस वाटलें असेल कीं, आपलें सर्वस्व गेलें. पण देणाऱ्याचा एक हात निकामी झाला तर तो दुसऱ्या हातानें देतो, हेंच सिबिल थॉर्नडाइक यांच्या चरित्राचें तात्पर्य आहे.