गळणारे तेल : एका लहान कड्याचा इतिहास

मोटारीचा इतिहास सांगणारे वेगाविषयी आणि अश्वशक्तीविषयी भरभरून बोलतात. पण फिरता दांडा इंजिनाबाहेर येतो त्या भोकातून तेल गळू नये म्हणून काय करावे, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळत नाही. वस्तुतः याच प्रश्नाने यंत्रज्ञांना कितीतरी वर्षे छळले.

आपल्या भागापासूनच आरंभ करू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. 'कॅम्प' हा शब्द तेथील पत्त्यांत अजून टिकून आहे. ज्या युद्धाने ही छावणी वसवली त्यानेच जीप जगभर नेली. तिच्या आरंभीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी तेल अडवायला होती ती विणलेली दोरी! पुढे ॲम्बॅसडरला जे तीन बेअरिंगचे बीएमसी इंजिन बसले, त्यात दोरीही नव्हती. तेल उलट आत ढकलणारे आटे शाफ्टवर कोरलेले असत. शाफ्ट थांबला की आट्यांचे काम थांबे. म्हणून उभ्या गाडीखालचे चार थेंब हा त्या इंजिनाचा रोग नव्हे, स्वभाव होता.

खरा उपाय चांभारकीतून आला. जर्मनीतील वाइनहाइमच्या फ्रॉइडेनबर्ग कंपनीचा धंदा कातडे कमावण्याचा. १९२९ च्या मंदीत तो बसला, तेव्हा तिने चामड्याची सील करावयास घेतली. पुढच्या दशकात चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. आजच्या ऑइल सीलची घडण तीच आहे : बाहेर धातूचे कडे, आत शाफ्टला टेकणारा पातळ रबरी ओठ आणि त्याला आवळणारी बारीक स्प्रिंग.

या इतिहासातून व्यवहाराला काय मिळते? वाऱ्याने तेल मागे आणि खाली पसरते. म्हणून ओल दिसली तेथेच गळती आहे असे समजू नये. प्रथम इंजिन स्वच्छ पुसावे, थोडे चालवावे, आणि ताजे तेल सर्वांत वर कोठे दिसते ते पाहावे. ते टॅपेट कव्हरचे निघाले तर सीलवर खर्च करण्याचे कारणच नाही. क्लच घसरू लागला आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडू लागले, तर मागच्या सीलचा संशय घ्यावा. परंतु सील बदलण्यापूर्वी ब्रीदर तपासावा. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि नवे सीलही तेल सोडते. शाफ्टवर नख अडकेल इतकी चरी पडली असेल, तर तिच्यावर पातळ नळी चढवावी किंवा शाफ्ट दुरुस्त करावा.

अंबरनाथ-बदलापूरकडील पावसाळ्यात चिखलपाण्यातून गाडी काढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण ओठाखाली शिरलेली रेती शाफ्ट झिजवते. सील फारसे महाग नसते. ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी महाग असते. आणि तेल संपेपर्यंत गळतीकडे काणाडोळा करणाऱ्याला तर सबंध इंजिनाची किंमत मोजावी लागते.