पदवीचे मोल

कॅनडात प्रवेश देताना १९६२ पर्यंत अर्जदाराचा वंश पाहिला जाई. १९६७ मध्ये गुणपद्धती आली. स्वतंत्र अर्जदाराला १०० पैकी ५० गुण पुरत. त्यांत शिक्षणाला कमाल २०, शिकलेल्या प्रत्येक वर्षाला एक. वंशाऐवजी वर्षे मोजली जाऊ लागली, हे न्यायाच्या दिशेने मोठे पाऊल होते. २०१३ पासून कुशल कामगारांच्या योजनेत परदेशी पदवी आधी कॅनडातील पदवीशी समकक्ष ठरवून घ्यावी लागते. तशी ठरलेल्या पदव्युत्तर पदवीला २५ पैकी २३ गुण मिळतात, विषय मराठी असो वा भौतिकशास्त्र. ही समता आपणा मराठीच्या अध्यापकांना सुखावते. परंतु त्या गुणांनी केवळ प्रवेश मिळतो. डॉक्टरलाही तेथे व्यवसायाचा परवाना वेगळाच मिळवावा लागतो. परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांना हा भेद आपणच वेळीच सांगावयास हवा.