मासळी, दूध आणि पापाची यादी

मासळीवर दूध प्यायले की अंगावर कोड फुटते, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. आमच्या वस्तीत दूध चहापुरतेच यायचे आणि मासळी म्हणजे आठवडी बाजारातली सुकट. तरीही कुणाच्या अंगावर पांढरा डाग दिसला की पहिला प्रश्न हाच, "मासळीवर दूध प्यालास का?" रोग ज्याला झाला, गुन्हेगारही तोच! हा न्याय कुठून आला, ते तपासले पाहिजे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २६ व्या अध्यायात, आत्रेय सांगतो की मासा आणि दूध दोन्ही मधुर. पण दूध शीत, मासा उष्ण. या विरोधाने रक्त दूषित होते. भद्रकाप्य याला हरकत घेतो. चिलिचिम नावाचा एक मासा सोडून बाकीचे दुधाबरोबर खावेत, असे त्याचे म्हणणे. आत्रेय ते खोडून काढतो. म्हणजे मुळात हा वादाचा विषय होता. त्याच अध्यायात असेही म्हटले आहे की तरुण, बलवान, व्यायाम करणाऱ्या माणसाला विरुद्ध अन्न बाधत नाही. राबणाऱ्याच्या बाजूचे हे वाक्य मात्र लोकांपर्यंत पोचले नाही.

पोचले ते दुसरेच. चिकित्सास्थानाच्या ७ व्या अध्यायात कुष्ठाची कारणे दिली आहेत. आरंभी विरुद्ध अन्नपान आणि त्याच यादीत पुढे ब्राह्मण व गुरूंचा अवमान आणि पापकर्म! ताटातली चूक आणि वर्णश्रेष्ठांची बेअदबी एका ओळीत बसवली की रोगी आपोआप पापी ठरतो.

गोऱ्या विद्येनेही वेगळे केले नाही. नॉर्वेत हान्सेनने १८७३ साली कुष्ठाचा जंतू दाखवला होता. तरी लंडनचा नामांकित शल्यविशारद जोनाथन हचिन्सन याने १९०६ साली पुस्तक लिहून नीट न खारवलेल्या मासळीवर ठपका ठेवला. सरकारने तर १८९८ सालीच कायदा करून निर्धन कुष्ठरोग्यांना कोंडण्याची सोय केली होती. पैसेवाला रोगी त्यातून सुटला. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून निघाले ते २०१९ साली.

आज विज्ञान काय सांगते? कोड आणि कुष्ठ हे दोन वेगळे रोग आहेत. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रंगपेशींवर उलटते. ते संसर्गजन्य नाही. कुष्ठ जंतूमुळे होतो आणि औषधांनी पूर्ण बरा होतो. मासळी आणि दूध एकत्र खाण्याने यांतला एकही होत नाही. बंगालात दह्यातला मासा आवडीने खातात. बाधते ती नासलेली मासळी. आणि काहींना मासळीची किंवा दुधाची ॲलर्जी असते, त्यांनी ती टाळावी.

शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी हे वर्गात, वस्तीत सांगावे. डाग दिसला की "काय खाल्लेस?" असे विचारत बसू नये, त्या माणसाला सोबत घेऊन दवाखाना गाठावा. या एका प्रश्नापायी अनेकांनी अंगावरचे डाग लपवले आणि उपचाराची वेळ दवडली.